टँकरची गंगापूजा

शारदाक्का टँकरच्या मागच्या पाइपला हळदकुंकू लावत होत्या आणि ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून ओरडत होता, "बेगा, अम्मा, बेगा!" लवकर आटपा, असं त्याचं म्हणणं. त्याचं तरी काय चुकलं? गेटवर आणखी टँकर खोळंबले होते, आणि बेळ्ळंदूरच्या त्या गल्लीत एक टँकर अडला की रिंग रोडपर्यंत हॉर्नचा कल्लोळ होतो.

अक्कांच्या शेजारी त्यांची लेक मेघना उभी होती, दुपट्यात गुंडाळलेलं बाळ छातीशी घट्ट धरून. अक्कांनी पाइपवर शेवंतीचं फूल ठेवलं, हात जोडले, डोळे मिटले आणि तेवढ्यात कुणीतरी व्हॉल्व्ह सोडला. हळद, कुंकू, फूल, सगळं भस्सकन संपमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत गेलं. जोडणीतून फवारा उडाला तो आमच्या सगळ्यांच्या अंगावर. बाळ दचकून रडायला लागलं. मेघना वळली आणि लिफ्टकडे निघून गेली.

"झाली की पूजा," देसाई म्हणाले. हे अक्कांचे यजमान.

"काय झाली? मी गंगेची करायला गेले, तर गंगेनंच माझी केली!" अक्का पदर पिळत म्हणाल्या. "ही पूजा काही मी धरत नाही."

मला हसू आवरेना. पण मी तिथे पूजेला गेले नव्हते, मेजरमेंट घ्यायला गेले होते.

मी आर्किटेक्ट. आमचं घराणं बेंगळूरमध्ये इतक्या पिढ्यांपासून आहे की पुण्याहून आलेली माणसं मला म्हणतात, "वा, मराठी छान शिकलात हो तुम्ही!" मी "सरी", म्हणजे बरं, म्हणते आणि सोडून देते. नवीन बिल्डिंगा मी आता फारशा घेत नाही. उभ्या असलेल्या सोसायट्यांची दुरुस्ती, पार्किंग, ड्रेनेज, असली बिनग्लॅमरची कामं करते. देसाई या सोसायटीच्या असोसिएशनचे प्रेसिडेंट. बेळगावकडचे, निवृत्त इंजिनिअर, आणि बोलायला गोड माणूस. काम त्यांनीच दिलं होतं. टॉवरच्या मागे एक मोकळा कोपरा होता, त्यात करंजाचं एक झाड आणि एक जुनी विहीर. टॉवर यायच्या आधी तिथे भाजीचे मळे होते, त्यातली ही उरलेली. बिल्डरनं तिच्यावर काँक्रीटचा स्लॅब टाकला होता आणि लोकांनी स्लॅबवर मोडक्या खुर्च्या. असोसिएशनला विहीर बुजवून तिथे इलेक्ट्रिक गाड्यांचं पार्किंग आणि चार्जिंग पॉइंट करायचे होते. त्याचं ड्रॉइंग मी द्यायचं.

आता ही गंगापूजा काय, ते सांगते. आमच्याकडे आणि बेळगावकडेही बाळंतीण पहिल्यांदा घराबाहेर पडते ती विहिरीवर जायला. विहिरीला हळदकुंकू वाहायचं, स्वतःच्या हातानं पाणी ओढायचं, बिंदगी भरायची आणि कमरेवर घेऊन घरी यायचं. बिंदगी म्हणजे लहान घागर. त्यानंतर ती मोकळी. स्वयंपाकघरात जावं, बाजारात जावं, चार माणसांत बसावं. आता फ्लॅटमध्ये विहीर कुठून आणायची? कुणी किचनच्या नळाला कुंकू लावतं, कुणी बोअरवेलच्या मोटरला. अक्कांनी टँकर धरला, कारण नळाला येतं ते पाणी शेवटी टँकरचंच.

ओल्या कपड्यांनीच अक्कांनी मला चहाला वर नेलं. मेघना सोफ्यावर बसली होती. बाळ तिच्या डाव्या खांद्यावर, आणि उजव्या हातानं ती गार झालेला उपमा खात होती. मी सवयीनं हात पुढे केले, "आण गं बाई, बघू तरी कशी आहे!"

मेघनानं घास खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी बाळ धरलं. "झोपलीय ती, आंटी."

कुठली झोपलीय! टक्क डोळे उघडे होते तिचे.

स्वयंपाकघरात अक्का हळू आवाजात म्हणाल्या, "वसुधाक्का, वाईट वाटून घेऊ नका. ती कुणालाच देत नाही. सातव्या महिन्यात झाली पोर. कित्येक दिवस काचेच्या पेटीत होती. हिला त्या पेटीच्या भोकातून नुसतं बोट लावायला मिळायचं. घरी आणल्यापासून पाळण्यात ठेवते, पण दुसऱ्याच्या हातात म्हणून नाही. माझ्या नाही, तिच्या नवऱ्याच्याही नाही. आंघोळीला गेली तरी पाळणा बाथरूमच्या दारात."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"बाळ ठणठणीत आहे म्हणतात. आता आईला जपा म्हणतात." अक्कांचे डोळे भरले. "म्हणून मी पूजेच्या मागे लागलेय हो. एकदा विहिरीवर गेली की बाई सुटते, असं आमच्या आईनं सांगितलेलं. खोटं असेल. पण दुसरं काय करू मी?"

देसाई दाराशी उभे राहून ऐकत होते. "मी आजोबा आहे, मॅडम," ते म्हणाले, "पण लांबचा."

मला एकदम भरून आलं. आणि मला भरून आलं की मी कामाचं बोलते. म्हटलं, "देसाईसाहेब, विहीर बुजवायला भराव किती लागेल, ते स्लॅब उघडल्याशिवाय सांगता येणार नाही. खोली मोजायला हवी."

हे शंभर टक्के खरं होतं. त्यात माझा थोडा लबाडपणाही होता, पण तो ड्रॉइंगवर दिसत नाही.

माझे नेहमीचे कॉन्ट्रॅक्टर नागराजअण्णा कटर घेऊन आले. स्लॅब कापला, पण मी कुणाला वाकून बघू दिलं नाही. वर्षानुवर्षं झाकलेल्या विहिरीत वाईट हवा साचते, माणूस चक्कर येऊन आत पडतो. आधी गॅसचा मीटर दोरानं खाली सोडायचा, विहीर उघडी ठेवायची, मग पुन्हा तपासायचं. ते सगळं झाल्यावर देसाईंनी एक खडा आत टाकला.

डुबुक!

देसाई माझ्याकडे बघायला लागले. रोज सकाळी टँकरवाल्यांची फोनवर मनधरणी करणारा हा माणूस. त्यांच्या फ्लॅटच्या खाली, मोडक्या खुर्च्यांच्या खाली, पाणी होतं.

मी पाणी तपासून घेतलं. पिण्यालायक नव्हतं, ते मी लगेच सांगून टाकलं. बागेला चालेल, गाळून फ्लशला चालेल, असा रिपोर्ट आला. मग मी ड्रॉइंगऐवजी एक प्रेझेंटेशन केलं आणि क्लबहाउसच्या एसीत असोसिएशनपुढे उभी राहिले.

"सोसायटीत सगळीकडे फरशी आणि काँक्रीट आहे," मी म्हटलं. "पाऊस पडला की पाणी गटारात जातं, गटार तुंबलं की तुमच्या बेसमेंटमध्ये येतं. म्हणजे उन्हाळ्यात तुम्ही पाणी आत आणायला टँकर बोलावता आणि पावसाळ्यात बाहेर काढायला पंप. ह्या एका कोपऱ्यात माती उघडी आहे. तिथे पाणी मुरतं, म्हणून विहीर जिवंत आहे. याला आम्ही रीचार्ज म्हणतो. गच्चीचं पाणी गाळून हिच्यात सोडलं तर टँकर कमी होतील."

"किती कमी होतील, मॅडम?" एकानं विचारलं.

"वर्षभर बघितल्याशिवाय आकडा सांगणार नाही."

"डास?"

"जाळी बसवू. मासे सोडू."

"मुलं आत पडली तर?"

"कठडा, ग्रिल आणि कुलूप."

"सगळं ठीक आहे. पण चार्जिंग पॉइंट कुठे?"

इथे मी अडखळले. हात वर झाले आणि पार्किंग पास झालं. मी लॅपटॉप असा मिटला की शेजारच्यांच्या कपातला चहा हिंदकळला. वीस मजले चढवणारी माणसं, आणि जमिनीचा एवढासा उघडा तुकडा यांना बघवत नाही!

देसाई लिफ्टपर्यंत माझ्या मागे आले. "रागावू नका, मॅडम. गाड्यांची ओरड रोज मला ऐकावी लागते. पण एक करा. हिनं पुन्हा मुहूर्त काढलाय. तेवढी पूजा होऊ दे, मग बुजवा."

"आणि पाणी कसं ओढणार ती? चमच्यानं?"

"तुम्ही बघा की काहीतरी."

मी बघितलं. दगडी कठडा नीट करून घेतला, वर ग्रिल, ग्रिलला बादली जाईल एवढं दार, दोन खांब आणि आडव्या दांड्याला कप्पी. बुजवायच्या विहिरीला कप्पी बसवणारी बेंगळूरमध्ये मी एकटीच असेन. नागराजअण्णांनी मला दोनदा विचारलं, "मेडम, बुजवायचीच ना नक्की?"

पूजेच्या दिवशी सकाळी खाली आम्ही चौघंच होतो, आणि मेघनाच्या खांद्यावर बाळ. मेघनाचा नवरा इलेक्ट्रॉनिक सिटीला जायला पहाटेच निघालेला. अक्कांनी कठड्याला हळदकुंकू वाहिलं, विड्याची पानं, केळी, नारळ मांडला. मेघनानं एका हातानं फूल वाहिलं, एका हातानं नमस्कार केला. देसाई करंजाच्या झाडाखाली, फोन कानाला लावून, टँकरवाल्याशी बोलत होते.

"ओढ आता," अक्का म्हणाल्या.

बादली खाली सोडायला काही नाही लागत. दोर सैल सोडला की ती आपोआप जाते. मेघनानं एका हातानं दोर ओढला. बादली थोडी वर आली आणि हात बदलता येईना म्हणून सुर्रकन खाली गेली. तिनं पुन्हा ओढला. पुन्हा तेच. दोर पायाखाली दाबून बघितला. छे!

अक्कांनी हात पुढे केले, बाळासाठी. मेघना मागे सरकली.

"अगं, मी घेते ना तिला."

"नको आई. होईल मला."

मी ओढते, असं माझ्या ओठावर आलं होतं. गप्प बसणं हे मला जमत नाही, माझे क्लायंट सांगतील. त्या दिवशी कसं कोण जाणे, जमलं.

मेघना कठड्याशी येऊन आत बघत राहिली. खाली पाण्यात आकाशाचा एक तुकडा होता आणि त्यात तिचं डोकं आणि बाळाचं टोपडं. मग वळली ती अक्कांकडे नाही, माझ्याकडे तर नाहीच. सरळ झाडाखाली गेली.

"पप्पा, धरा हिला."

"मी?" देसाईंनी फोन चक्क गवतात टाकला.

"मान सांभाळा. घट्ट धरा. हलू नका."

देसाईंनी नात घेतली आणि पुतळ्यासारखे उभे राहिले. मला वाटतं, त्यांनी श्वाससुद्धा घेतला नसावा. मेघना विहिरीकडे आली, तिनं पदर खोचला आणि दोन्ही हातांनी दोर धरला. कप्पी करकरली. एक हात, मग दुसरा हात. भरलेली बादली वर आली, हिंदकळत, आणि तिच्या पायांवर सांडली. अक्का तोंडाला पदर लावून रडत होत्या. मीही रडत होते, लपवण्यात काय अर्थ आहे?

मेघनानं बिंदगी भरली आणि कमरेवर घेतली. नेहमी बाळ असायचं त्याच बाजूला.

"पप्पा, तुम्ही या तिला घेऊन," ती म्हणाली, आणि पुढे चालायला लागली. लिफ्टपर्यंत तिनं एकदाही मागे वळून बघितलं नाही.

देसाई मात्र जागचे हलेनात. "मॅडम," ते ओठ न हलवता म्हणाले, "चालू का मी?"

"चाला की हो!"

पुढची मीटिंग देसाईंनी क्लबहाउसमध्ये न घेता विहिरीपाशी घेतली, करंजाच्या सावलीत. बेसमेंटमधलं भंगार हलवून चार्जिंग पॉइंट तिथे करायचे आणि कोपरा उघडा ठेवायचा, असं त्यांनी सांगितलं. मागच्या वेळी हात वर करणारी माणसं कप्पीवर एक-एक बादली ओढून बघण्यात गुंतली होती. तरी एकानं विचारलंच, "पास झालेला ठराव बदलायचं कारण काय, सर?"

"टेक्निकल कारण आहे," देसाई म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी गंभीरपणे मान हलवली.

आता बागेसाठी तिथे मोटर बसली आहे. कप्पी मात्र मी काढू दिलेली नाही. आणि पुढे कुठल्याही सोसायटीत जुनी विहीर निघाली की मी ड्रॉइंगमध्ये कप्पी काढतेच. तरुण मेंबर हसतात. "मॅडम, मोटर आहे ना? बटण दाबलं की झालं, एका बोटाचं काम."

"म्हणूनच," मी म्हणते.