छातीला बांधलेला गोटा

कुणीतरी, कधीतरी, वजन वाढावं म्हणून रुईच्या गोणीत पहिला दगड घातला. त्या माणसानं माझ्या बरगड्यांचं आणि अब्रूचं वाटोळं केलं, असा माझा जाहीर आरोप आहे! नाव माहीत नाही. माहीत असतं तर तुमच्याशी बोलत बसलो असतो का? त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो असतो.

हसू नका. आधी पुरतं ऐका, मग हवं तेवढं हसा.

तिकडं अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जाईना आणि इकडं वऱ्हाडात कापसाचं सोनं झालं. अमरावतीच्या बाजारात पाय ठेवायला जागा नाही, जिकडंतिकडं बैलगाड्या. मी मुंबईला कॉलेज शिकून नुकताच परतलो होतो. शाळेत मास्तर होतो. अन्याय दिसला की माझं डोकं फिरायचं. म्हणजे दिवसातून चारदा तरी फिरायचंच.

त्यात सोनाजीवर आळ आला. सोनाजी गोणी तुडवायचा. दोन खांबांमध्ये उघड्या तोंडाची गोण टांगायची, वरून रुई टाकत राहायची आणि माणसानं आत उतरून ती पायांनी दाबायची, हे त्याचं काम. त्यानं तुडवलेल्या गोणीत दगड निघाला आणि त्याचे मालक, रुईचे व्यापारी शेटजी, त्याला म्हणाले, "उद्यापासून येऊ नको."

"दगड ह्यानंच घातला कशावरून?" मी भर बाजारात ओरडलो.

"गोणीत कोन उतरते मास्तर? मी उतरतो का?" शेटजींनी पोटावरून हात फिरवला.

"ठीक आहे! सगळ्यांसमोर एक गोण भरू. रुई मी निवडतो, सोनाजीबरोबर मीही तुडवतो. मग फोडा कुठंही!"

"अकोल्याले माझ्या पेढीवर पंचासमोर फोडू. दगड निघाला तं ह्याचं काम गेलं, आन् तुमीबी गाव सोडा."

"मंजूर!"

सोनाजी मागून माझी बाही ओढत होता. "मास्तर, मले काहून गुतवून राहिले? मी हातापाया पडून पाह्यलं असतं ना!"

पण मी कुणाचं ऐकतो होय!

आता छातीचं. आदल्या आठवड्यात शाळेत श्रमाची थोरवी शिकवायला मी स्वतः सरकीची पोती उचलली होती. तेव्हापासून छातीच्या डाव्या बाजूला असं दुखायचं, की नुसती शिंक आली तरी डोळ्यांपुढं काजवे! मला वाटलं, संपलं. देशासाठी काही करायच्या आधीच काळीज गेलं. वैद्यबुवांकडं निरवानिरव करायला गेलो, तर त्यांनी बरगडीवर बोट दाबलं.

"इथं?"

"मेलो!"

"नाही मरत. काळजाचं दुखणं असं बोटाला लागत नाही. बरगडीचा सांधा सुजलाय. अंथरूण धरू नकोस, हिंडत फिरत राहा. पण ओझं उचलायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत. आणि रोज नदीचा गोटा तापवून, फडक्यात गुंडाळून, घटकाभर पडून शेक घ्यायचा."

"घटकाभर पडून? एका गरिबाच्या पोटावर पाय येतोय आणि मी पडून राहू?"

"मग दुखू दे," म्हणाले आणि खल घेऊन बसले.

शिकलेल्या माणसाला तोड सापडतेच! मी उपरणं फाडलं, गरम गोटा त्यात गुंडाळला, अंगरख्याच्या आत छातीला करकचून बांधला आणि बाजारात हजर झालो. काम ते काम, शेक तो शेक. का नाही सुचलं हे वैद्यबुवांना?

गोणीत उतरलो. नाकातोंडात रुई, प्रत्येक पावलाला बरगडीत कळ, आणि कळ आली की मी रागानं आणखी जोरात उडी मारायचो.

"मास्तर, हे तुडवनं व्हय का नाचनं?" सोनाजी म्हणाला.

आणि काय चमत्कार! एका उडीसरशी छाती एकदम हलकी झाली. ओझंच गेलं! मी गोणीतून मुंडकं वर काढून गरजलो, "पाहा! सत्याचं काम करताना दुखणंसुद्धा पळून जातं!"

गोण शिवली, लाखेची मोहोर लावली. तिच्यावर नजर ठेवायला म्हातारे मापारी रहीमचाचा आमच्या बैलगाडीत बसले. अकोल्यापर्यंत दर धक्क्याला मी कण्हत होतो, आणि मधल्या वेळात व्यापाऱ्यांना शिव्या देत होतो.

"शेक काहून नाई घेत?" चाचांनी विचारलं.

"गोटा पडला हो कुठंतरी गर्दीत."

चाचांनी गोणीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि तंबाखू मळायला घेतली.

अकोल्याला पंचांसमोर गोण उसवली. चाचांनी हात घातला आणि आतून एक जड गाठोडं बाहेर काढलं.

"पाहिलंत!" मी नीट पाहायच्या आतच किंचाळलो. "हेच ते पाप! ज्यानं घातला त्याची गाढवावरून धिंड काढा!"

सोनाजी हात जोडून पंचांपुढं आला. "देवाची आन, मी नाई टाकला जी."

तेवढ्यात फडकं सुटलं. त्यावर तांबड्या शाईचा डाग होता. शाळेत दौत लवंडून माझ्या उपरण्यावर पडलेला.

खरं सांगू? एक क्षण मी गप्प राहिलो. नुसता एक क्षण. सोनाजी माझ्याकडं आशेनं पाहत होता, आणि मी छताकडं. तो क्षण आजही बरगडीपेक्षा जास्त टोचतो.

मग अंगरख्याचे बंद सोडले. छातीला उरलेली अर्धी चिंधी अजून लोंबत होती. "गोटा माझा आहे," मी म्हणालो.

पंच पोट धरून हसले. शेटजींनी डोळे पुसत सोनाजीला उद्यापासून कामावर यायला सांगितलं. मी म्हणालो, ठरल्याप्रमाणे मी गाव सोडतो, तर म्हणाले, "छे छे! तुमी गेल्यावर बाजाराले करमन कसं?"

रहीमचाचांनी गोटा हातात तोलला, पुन्हा नीट फडक्यात गुंडाळला आणि माझ्या हातावर ठेवला.

"तीस वर्सं माप करून राहिलो, मास्तर. गोनीत दगड टाकनारे लय पाह्यले. पन त्याले थंडी वाजू नये म्हनून शेकून, पांघरून घालून टाकनारे तुमी पयलेच!"