गळ्याजवळचं काज

"कापडाला चीर दिली ना बाई, की ती उघडी सोडायची नसते. आज बोटभर आहे, पुढच्या बुधवारी हातभर होईल."

"अगं, वारा जायला भोकं पाडलीत ती. फलक आहे हा. याला काय कुणी गुंड्या लावणार आहे?"

"न का लावेना. मला तशी बघवत नाही."

एवढं बोलून तिनं पिशवीतून सुई काढली, दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलं आणि तिथंच फुटपाथवर मांडी घालून बसली. फलक जाड पांढऱ्या कापडाचा, दोन टोकांना दोघांनी धरायचा. मधे काळी अक्षरं, एवढीच: युद्ध नको. चौकात वारा असा सुटायचा की फलक फुगून धरणाऱ्या म्हाताऱ्यांना भर रस्त्यात ओढत न्यायचा. म्हणून बाईंनी कात्रीनं त्याला जागोजागी चिरा दिल्या होत्या. त्या हिनं एकेक करून बांधून काढल्या, कोटाची काजं बांधतात तशा, गच्च टाक्यांनी. पिशवीत दोरा होता हिरवट मातकट रंगाचा. तोच वापरला. पांढऱ्यावर उठून दिसला तर दिसला. चूक झाली ती तिथं. दुसरं कुणी असतं तर चिरा फाटू दिल्या असत्या आणि पुढचं काही घडलंच नसतं.

तिला सगळे काजवाली म्हणत. चौकाच्या कोपऱ्यावर जी उंच काळवंडलेली इमारत आहे, तिच्या वरच्या मजल्यावर शिलाईचा कारखाना. तिथं ती कोटांना काजं करायची. खालची सगळी काजं मशीनवर होतात. गळ्याजवळचं मात्र हातानंच करावं लागतं, कारण तिथं कापडाचे थर इतके येतात की मशीनचा पाय वर चढत नाही. काज पुरं झालं की ती मागं वळून एक उलटा टाका घ्यायची. कुणी शिकवला नव्हता, हाताला लागलेली खोड. मुकादम हसून म्हणायचा, "तुझं काज म्हणजे माणूस जाईल, पण काज उसवणार नाही."

कोट सैन्याचे होते. ही गोष्ट तिनं फलकवाल्यांना सांगितली नव्हती. "काय करतेस गं?" म्हणून कुणी विचारलं, तर "शिवते," एवढंच. खोटं नव्हतं.

दर बुधवारी दुपारच्या सुट्टीत ती डबा तसाच ठेवून जिना उतरायची आणि चौकात जाऊन उभी राहायची. घोषणा नाहीत, भाषण नाही. नुसतं तोंड मिटून उभं राहायचं. हे सुरू केलं बाईंनी. बाई निवृत्त शाळामास्तरीण. जन्मभर इतिहास शिकवला, पोरांकडून लढायांची सनं घोकून घेतली, त्याचं पाप फेडतेय म्हणायच्या. बरोबर काही बायका, दोन पेन्शनर, एक चष्मे दुरुस्त करणारा. येणारेजाणारे बोलून घ्यायचे. बसमधून एकजण दर खेपेला ओरडायचा, "अरे, घरी जा, वरण जळलं!" चष्मेवाला हळूच म्हणायचा, "याला एकदा चष्मा बसवला पाहिजे. इतक्या बुधवारांत कळलं नाही आम्ही कशाला उभे आहोत."

ती का उभी राहायची? तिचा पोरगा सरहद्दीवर होता. एकुलता एक. लढाई पेटली तसा तिकडं गेला, मधे एकदा रजेवर आला, परत गेला. आधी आठवड्याला फोन यायचा, मग महिन्याला, मग नाहीच. कचेरीत विचारलं की "कळवू" म्हणत.

घरी नवरा. तो एका ऑफिसात लिफ्ट चालवायचा. दिवसभर वरखाली करायचा आणि घरी आला की भिंतीला पाठ लावून जो बसायचा तो उठायचा नाही. पोराचं नाव काढलं की बातम्यांचा आवाज मोठा करायचा. चौकातलं उभं राहणं त्याला कळलं तेव्हा म्हणाला, "पोरगा तिकडं छातीचा कोट करून उभाय, आणि तू इकडं त्याचं नाक कापतेस?"

"त्याच्या नाकाचं राहू द्या. त्याचा आवाज ऐकून किती दिवस झाले, ते सांगा."

त्यानं आवाज आणखी मोठा केला. बातम्याच बोलत राहिल्या.

पोरगा रजेवर आला होता तेव्हाची गोष्ट. तिनं त्याचा कोट मांडीवर घेतला, गळ्याजवळचं काज उसवलं आणि नव्यानं केलं. वरून हिरव्या दोऱ्यानं, साहेबाला दिसू नये म्हणून. आतून मात्र लाल.

पोरगा म्हणाला, "आई, तिकडं काय कोट हरवतात होय?"

"शाळेत असताना दर पावसाळ्यात छत्री हरवून यायचास. तुझा काही नेम नाही."

"अगं, छत्री वेगळी. हा अंगावर असतो."

"असू दे. मला कळेल."

काय कळेल हे त्या दिवशी तिलाही ठाऊक नव्हतं. पुढं कारखान्यात गोण्या यायला लागल्या. आत कोटच, पण वापरलेले, सरहद्दीवरून आलेले. धुऊन यायचे, नावाच्या पट्ट्या उसवून काढलेल्या असायच्या. भोकं मात्र धुण्यानं जात नाहीत. मुकादम म्हणाला, "यांना रफू कोण करतंय?" बायका एकमेकींच्या मागं सरकल्या. काजवाली पुढं झाली. मुकादमाला वाटलं, दगडाचं काळीज आहे. दुसऱ्या बायकांना वाटलं, साहेबाच्या नजरेत भरायला बघतेय. ती कोट उचलायची, भोक बघायच्या आधी कॉलर उलटी करायची, लाल दिसतोय का बघायची, आणि नाही दिसला की मगच सुईत दोरा ओवायची. नाव गेलं होतं, तरी दोरा राहिला असता. रफू झालेला कोट इस्त्री होऊन पेटीत जायचा. पेटी पुढं कुठं जाते, ते तिनं कधी विचारलं नाही.

असं चाललं होतं. मग एका बुधवारी दूधवाली आली.

दूधवालीचं मंडईच्या तोंडाशी दुधाचं दुकान. तिचा पोरगा गेला होता. तसं कळवलंही होतं रीतसर, आणि त्याचा कोट घडी करून घरी पाठवला होता. ती आली ती थेट फलकाचं एक टोक धरून उभी राहिली. ते टोक दर बुधवारी काजवालीचं, ती शेजारी सरकली. वाऱ्यानं फलक थरथरत होता, चिरा उघडत होत्या, मिटत होत्या. दूधवालीचं बोट सहज एका चिरेत गेलं. काठावरून फिरलं. शेवटी त्या उलट्या टाक्याशी येऊन थांबलं. तिनं मान वळवून नीट बघितलं. मग दुसरी चीर. मग तिसरी.

उभं राहणं संपलं. फलकाची घडी होत असताना तिनं विचारलं, "हे कुणी केलं?"

"मी," काजवाली म्हणाली. चांगलं झालंय असं ऐकायला मिळेल असं वाटलं तिला.

दूधवालीनं तिचं मनगट धरलं. "माझ्या पोराच्या कोटाला हेच काज आहे. गळ्यापाशी. असाच दोरा, असाच शेवटाला वळवलेला टाका. रोज सकाळी दूध उतरवून झालं की मी ती गुंडी काढते आणि लावते, काढते आणि लावते. मला नको सांगू. तुझ्या हातचा कोट घालून गेला तो."

"ताई..."

"ताई म्हणू नकोस. त्यांना नटवून पाठवायचं, आणि इथं येऊन आमच्याशेजारी तोंड पाडून उभं राहायचं! लाज नाही वाटत?"

चौकातले लोक थांबून बघायला लागले. इतके बुधवार तोंड मिटून उभे राहिले तेव्हा कुणी थांबलं नव्हतं.

बाईंनी सगळ्यांना आपल्या खोलीवर बोलावलं. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची खोली, खालून पंपाचा आवाज येत होता. चहा झाला, पण कपांत तसाच राहिला. एक पेन्शनर म्हणाला, पोटासाठी करते बिचारी. दुसरा म्हणाला, पोटासाठी तर सगळेच करतात, तोफवालासुद्धा. चष्मेवाला नेहमी काहीतरी बोलायचा, तो त्या दिवशी काचा पुसत बसला. दूधवाली आलीच नव्हती.

बाई म्हणाल्या, "मला तुझा राग नाही गं. पण लोक बघतात. एका हातानं कोट आणि एका हातानं फलक, हे मी कुणाला कसं समजावू? तू तो कारखाना सोड. दुसरीकडं शिवण मिळेल, मी शब्द टाकते. नाहीतर..."

"नाहीतर फलक सोडू."

"हो."

लाल दोऱ्याचं सांगावं असं तिच्या ओठांवर आलं होतं. सांगितलं असतं तर बाईंनी तिला पोटाशी धरलं असतं, ते तिला कळत होतं. पण बोलून दाखवलं की ती गोष्ट खोलीत येऊन बसेल, सगळे तिच्याकडं त्या नजरेनं बघतील, जसे दूधवालीकडं बघत होते. तिनं चहाचा कप भरलेलाच बशीत ठेवला. "कारखाना सुटायचा नाही माझ्याच्यानं," म्हणाली आणि चपला घातल्या. मागून कुणी हाक मारली नाही. जिन्यात पंपवाला कुणाच्या तरी चाकात हवा भरत होता.

मग रविवारी सकाळी दार वाजलं. दूधवाली होती, हातात दुकानातली कापडी पिशवी. नवरा आत दाढी करत होता. त्यानं आरशातून बघितलं आणि आरशातूनच नजर काढून घेतली.

"भांडायला नाही आले," दूधवाली म्हणाली. आत आली, जमिनीवर बसली आणि पिशवीतून कोट काढला. "हे बघ. खिशाखाली, डाव्या अंगाला. हे रफू आहे ना?"

काजवालीनं हात फिरवला. आपलंच काम अंगठ्याला ओळखू येतं. "रफू आहे. माझंच."

"म्हणजे माझ्या पोराला मिळायच्या आधीच हा फाटला होता?"

काजवालीचा अंगठा रफूवरच राहिला.

"आधी कोणीतरी होता यात. तो गेला, तुम्ही भोक बुजवलं आणि माझ्या पोराच्या अंगात घातला. त्याला कुणी सांगितलं पण नसेल. त्याला वाटलं असेल, नवा आहे."

 काजवालीच्या डोक्यात भलतंच सुरू झालं होतं. आधी कोणीतरी होता. कोण? या भोकाचा कोट आपल्या हातून गेला तेव्हा कॉलर बघितली होती का आपण? बघितलीच असेल, दरवेळी बघतो. पण एखाद्या दिवशी घाई असते, उजेड नसतो, मुकादम डोक्यावर उभा असतो.  तिनं कोट ओढून घेतला आणि कॉलर उलटी केली.

हिरवा. आतूनही हिरवाच.

तिच्या तोंडून श्वास सुटला, मोठा, भाता सुटल्यासारखा. सुटल्यावर तिला लाज वाटली. तोंड कुठं लपवावं कळेना. समोर दूधवाली टक लावून बघत होती.

"काय शोधलंस?"

मग तिनं सांगितलं. छत्रीपासून सगळं. आत वस्तऱ्याचा आवाज थांबला होता. या दोऱ्याचं नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

दूधवालीनं ऐकून घेतलं. कोटाची घडी केली, परत उलगडली, परत केली. "म्हणून रफूला बसतेस."

"सापडू नये म्हणून शोधते. मी उठले तर दुसरी कोणी बसेल. तिला काय कळणार, आत लाल का आहे? तिला वाटेल हिरवा संपला असेल."

"मी बाईंना सांगते. घेतील तुला परत."

"नका सांगू. बाई म्हणतात ते खोटं नाही. मी भोक बुजवते म्हणून कोट परत जातो. तुमच्याच पोराच्या अंगावर गेला, आणखी काय सांगायचं राहिलंय?" ती थांबली. "पण मला उठता येत नाही."

दूधवाली उठली. दारात वळून म्हणाली, "फलकाचं तुझं टोक मी धरते." ते माफी म्हणून बोलली की काय, कळायला मार्ग नव्हता. चेहरा होता तसाच होता, दगडी.

ती गेल्यावर नवरा अर्ध्या दाढीनं बाहेर आला. गालावर फेस वाळत होता. "लाल म्हणजे कसला लाल?" त्यानं विचारलं. "गडद?"

"गडद."

"हं," म्हणाला आणि आत गेला. त्या दिवशी त्यानं बातम्या लावल्या नाहीत.

बुधवार आला. दुपारी सगळ्या बायका डबे उघडून बसल्या. काजवाली खिडकीशी उभी राहिली. काच कोळशानं माखल्यासारखी झालेली, तिनं पदरानं हाताएवढी जागा पुसली. खाली चौकात माणसं मुंग्यांएवढी, आणि त्यांच्यात ती पांढरी पट्टी. एका टोकाला चष्मेवाला असावा, त्याचं टक्कल दिसत होतं. दुसऱ्या टोकाला आडव्या बांध्याची बाई, दूधवालीच. वारा जोराचा होता, पण फलक फुगत नव्हता, जागच्या जागी उभा होता. बस आली, थांबली, गेली. आतून कुणी ओरडलं असेल तर वर ऐकू आलं नाही.

"काय बघतेस गं, जेवत का नाहीस?" शेजारची म्हणाली.

"काही नाही. ऊन बघते."

"ऊन कुठाय? आभाळ आलंय."

घंटा झाली. मुकादम गोणी ओढत आला आणि तिच्या टेबलापाशी उपडी केली. "आज जास्त आहेत," म्हणाला. आज त्याला काही विनोद सुचला नाही.

ती बसली. दिवा खाली ओढला. वरचा कोट घेतला, भोक कुठंय ते बघितलं नाही, कॉलर उलटी केली आणि उजेडात धरली. हिरवा. तिनं सुईत दोरा ओवला.