हेडमास्तरांनी साफ केलेला प्रिंटर

लखनौत राहिलेला माणूस आठवणी लिहायला बसला म्हटल्यावर तुम्ही कबाबाच्या वासाची आणि 'पहले आप'ची तयारी करून बसला असणार. बसा, माझी काही हरकत नाही. पण मी तुम्हाला नेणार आहे अलीगंजातल्या एका घराच्या पुढच्या खोलीत. तिथे टेबलावर, भरतकामाच्या रुमालाखाली, एक इंकजेट प्रिंटर झोपलेला असायचा.

घर काका-काकूंचं. काका बँकेत होते, बदली होऊन आले आणि तिथलेच झाले. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावात शिकलेला, चिनहटच्या एका कंपनीत नोकरीला लागलेला, त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायचो. मला दोनच गोष्टी यायच्या, कॉम्प्युटर आणि नकला. पहिलीसाठी पगार मिळायचा, दुसरीसाठी काकूंकडचं जेवण.

प्रिंटर मीच निवडून दिला होता. काकांनी विचारलं, "टिकेल ना रे?" मग मी नेटवर बसून लोकांचे अभिप्राय वाचले. बहुतेकांनी खोकं उघडल्या दिवशीच पाच चांदण्या देऊन टाकलेल्या. म्हणजे बारशाला जाऊन मुलगा पुढे म्हातारपणी सांभाळेल का ते सांगायचं. दोन वर्षं वापरून लिहिणारा एकच सापडला. त्याचं म्हणणं, मशीन बरं आहे, फक्त दोन-चार दिवसांत एकदा तरी रंगीत पान काढत जा, नाहीतर शाई आतच सुकते.

मी हे काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "उगाच रंगीत पान काढायचं? कशाला?" आणि धूळ बसू नये म्हणून रुमाल शिवला. महिन्यातून एकदा रुमाल निघायचा.

आता काकूंचं काय अडलं होतं ते सांगतो. दर रविवारी त्या नऊ मुलांना मराठी शिकवायच्या. सगळी लखनौत जन्मलेली. मराठी कळायची, पण उत्तर हिंदीत. "पाणी हवं का?" विचारलं की "हाँ, दे दीजिए." वर्षभर हेच. शेवटी आईबाप कुरकुरायला लागले. एकीने स्पष्टच सांगितलं, "काकू, राग नका मानू, पण रविवारी चित्रकलेचा क्लास पण असतो." मग काकूंनी ठरवलं, प्रत्येक मुलाने घरातल्या एका गोष्टीवर चार ओळी मराठीत लिहायच्या, शेजारी चित्र काढायचं, त्याचं छोटं पुस्तक करून रविवारी सगळ्या आईबापांच्या हातात द्यायचं. वर्ग राहणार की मोडणार ते त्या रविवारी ठरणार होतं.

शुक्रवारी संध्याकाळी पहिलं पान काढलं. टोमॅटोचं होतं. टोमॅटो पिवळा आला.

"कावीळ झाली की काय याला," काका म्हणाले.

लाल रंगाला लागणारी गुलाबी शाई येतच नव्हती. छिद्रं बुजली होती. मी म्हटलं, काकू, घाबरू नका, नेटवर सगळ्याला औषध आहे. एका फोरमवर आमच्याच प्रिंटरचे पेशंट जमलेले होते. सल्ले इंग्रजीत होते, ते मी काका-काकूंना मराठी-हिंदीत वाचून दाखवायला लागलो. नुसतं वाचून कसं जमेल? प्रत्येकाला एकेक आवाज दिला.

एकाने लिहिलं होतं, हेअर ड्रायरने गरम हवा मारा. त्याला आमच्या चौकातल्या ऑटोवाल्याचा आवाज दिला. "अरे भैया, टेंशन काहे लेते हैं, गरम हवा दीजिए, मक्खन हो जाएगा."

एका बाईंनी लिहिलं होतं, कृपया दोनदाच हेड क्लीनिंग, म्हणजे छिद्रं धुवायचं बटण, वापरा, मग प्लीज मशीन बंद करून रात्रभर तसंच ठेवा, वाळलेली शाई आपोआप मऊ होते, सकाळी एकदाच परत करून बघा, प्लीज. इतकी प्लीज बघून मी त्यांना शेजारच्या आंटींचा आवाज दिला. त्या आंटी बेल वाजवायच्या आधीच माफी मागायच्या. "सॉरी हाँ, डिस्टर्ब तो नहीं किया? बस रात भर छोड़ दीजिए, बुरा मत मानिएगा." काकू पदराने डोळे पुसत हसल्या. काकांना ठसका लागला.

तिसरा मात्र भारी होता. साफ होत नाही ना? पुन्हा करा. नाही झालं? पुन्हा करा. नमुना स्वच्छ येईपर्यंत थांबायचं नाही, माझी हयात यात गेली आहे. हे वाचताना आपोआप माझ्या शाळेच्या हेडमास्तरांचा आवाज निघाला. ते पाढा चुकला की एवढंच म्हणायचे, "परत." त्या आवाजापुढे माझा सगळा जन्म ताठ उभा राहिलेला. मी खुर्चीत सरळ झालो आणि क्लीनिंगचं बटण दाबलं.

परत. परत. प्रिंटर घरघर करायचा, पान काढायचा, गुलाबी रेघा तुटक्याच. सातव्या वेळी काकूंनी विचारलं, "अरे, शाई नाही का जात यात?" मी हेडमास्तरांच्या आवाजात म्हणालो, "मध्ये बोलायचं नाही." त्या हसल्या आणि भाजी टाकायला गेल्या.

चौदाव्या वेळी प्रिंटरने लाल दिवा लावला. क्लीनिंगमध्ये सगळ्याच रंगांची शाई खर्च होते, जे रंग धडधाकट होते त्यांचीसुद्धा. आता गुलाबीच काय, काहीच उरलं नव्हतं. मघाशी जो नुसता टोमॅटो पिवळा छापत होता, तो आता टोमॅटोच छापेना.

शनिवारी स्कूटरवरून अलीगंज पालथं घातलं. त्या मॉडेलची काळी शाई मिळाली, रंगीत मंगळवारी येणार. नुसती काळी घालून प्रिंटर ऐकेना, त्याला सगळे रंग हवे होते. शेवटी मुलांच्या हातची मूळ पानं घेऊन झेरॉक्सवाल्याकडे गेलो, त्याच्याकडे रंगीत मशीन नव्हतं, म्हणून काळीपांढरी पुस्तकं करून आणली. काकू स्टेपलर घेऊन बसल्या.

रविवारी खोली भरली. पुस्तकं वाटली. आईबाप पानं उलटायला लागले. तेवढ्यात दुसरीतली एक मुलगी उठून काकूंकडे गेली. तिने आंब्यावर लिहिलं होतं, आणि पिवळा खडू झेरॉक्समध्ये उमटलाच नव्हता. चार ओळी होत्या, शेजारी कोरी जागा, वर एक पान लोंबत होतं.

"मेरा आम कहाँ गया?"

काकू सवयीने म्हणाल्या, "मराठीत विचार."

मुलीला खरंच राग आला होता. ती सगळ्यांकडे वळून ओरडली, "माझा आंबा कुठे गेला?"

मागून एक मुलगा म्हणाला, "दादाने खाल्ला." दादा म्हणजे मी.

"नाही, दादाने धुतला," दुसरी म्हणाली. "प्रिंटरमध्ये." काकांनी पोरांना सगळं आधीच सांगून ठेवलं होतं तर.

मग एकेक उठून आपापलं काय हरवलं ते सांगायला लागला. माझ्या पोपटाचा रंग गेला. माझ्या आजीची साडी पांढरी झाली. मराठी मोडकी होती, मध्ये मध्ये हिंदी घुसत होती, पण कोणी शिकवलेलं नव्हतं. चित्रकलावाल्या बाई चहा हातात धरून ऐकत राहिल्या. जाताना म्हणाल्या, "पुढच्या रविवारी पाठवते." एका घराने मात्र मुलाचं नाव काढून घेतलंच. आठ मुलं राहिली.

सगळे गेल्यावर मी कप उचलायला लागलो. मला वाटलं, सुटलो.

"ठेव ते," काकू म्हणाल्या. "बस इथे. वर्ग वाचला तो त्या पोरीमुळे. तुझ्यामुळे वाचला असं गावभर सांगत फिरू नकोस."

"नाही काकू."

"तुला ठीक सांगणारी एकच बाई होती. तिला तू रडका आवाज दिलास, मीपण हसले, ती माझी चूक. आणि ज्याने वाट लावली त्याला हेडमास्तर केलंस. तो तुझा हेडमास्तर होता का? त्याचा आवाज ऐकला होतास कधी? आवाज तूच काढायचा, आणि तूच उठून उभं राहायचं?"

काका पेपरामागे गेले होते.

"आणि मी विचारलं शाई जाते का, तर मला मध्ये बोलायचं नाही म्हणालास. माझ्या घरात. मुलांची वर्षभराची मेहनत होती ती, तुझा कार्यक्रम नव्हता."

"चुकलं काकू."

"चुकलंच. आता खडूंचा डबा घे. आठ पुस्तकं परत आणायला सांगितलीत मी. सगळ्यांचे आंबे, पोपट, साड्या तू रंगवायच्या, एकेक. आणि रंगवताना तोंड बंद ठेवायचं. कोणाचाही आवाज यायला नको मला स्वयंपाकघरात."