उभ्या गाडीचा कर आणि ब्रेकबाई

नवरा गेला आणि मागे एक निळी गाडी ठेवून गेला. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, विकून टाक." मला कुणी विकून टाक म्हटलं की ती वस्तू एकदम जिवापाड आवडू लागते. म्हणून या वयात मी गाडी शिकायला गेले आणि ब्रेकबाईच्या तावडीत सापडले.

कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानाला लागून तिचं मोटार शिकवण्याचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक टेबल, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता आणि आतल्या खुर्चीत गुडघे शेकत बसलेल्या तिच्या सासूबाई. शिकवण्याच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही एक ब्रेक असतो. तिचा पाय त्या ब्रेकवर इतकी वर्षं आहे की आता तो कुठेही असला तरी ब्रेकच दाबतो. बसमध्ये बसली आणि पुढची गाडी जवळ आली की हिची टाच जमिनीत रुतते. तिचा नवरा तर शपथेवर सांगतो, की ती झोपेतही लाथ मारते. "स्वप्नात कुणीतरी वळण चुकतं," तो म्हणतो, "आणि नडगी माझी फुटते."

ती विरोधी पक्षाची कार्यकर्ती. कार्यकर्ती म्हणजे खुर्च्या लावणारी, पत्रकं वाटणारी, आणि सभा संपल्यावर कप गोळा करणारी. आमच्या भागातली उमेदवारी तिनं मागितली नाही अशी एकही निवडणूक गेली नाही. एकदा ती कुणाच्या मेहुण्याला मिळाली, एकदा एका डॉक्टरला, आणि एकदा अशा माणसाला, की जो मतदानाच्या आठवड्यात पक्षच सोडून गेला. "ताई, पुढच्या वेळी नक्की," हे वाक्य ऐकून ऐकून तिला पाठ झालं होतं. शिकाऊ माणसाला गिअर सापडला नाही की ती तेच म्हणायची, "पुढच्या वेळी नक्की, हं ताई."

या वेळी मात्र पक्ष जोरात होता. वर्तमानपत्रातल्या सर्वेक्षणात पहिला. उमेदवारीसाठी आमच्या भागातून पाच जण बाशिंग बांधून बसले होते आणि ब्रेकबाईचा नंबर अर्थातच पाचवा.

मग पक्षानं कर जाहीर केला. निवडून आलो तर रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक खासगी गाडीवर कर लावू आणि त्या पैशातून बंद झालेल्या बस पुन्हा सुरू करू. ही कल्पना वरच्या लोकांची, की ब्रेकबाईनं बैठकीत डोकं खाऊन खाऊन त्यांच्या गळी उतरवलेली, यावर वाद आहे. माझीच, असं ती म्हणते. ती खोटं बोलत नाही, पण स्वतःबद्दल कमीही बोलत नाही.

लोक असे खवळले की विचारू नका. दोन आठवड्यांत पक्ष सर्वेक्षणात पहिल्यावरून तिसऱ्यावर. आमच्या चौकात पक्षाचं नाव काढलं की लोक आपापल्या गाडीच्या टपावर हात ठेवायचे, जणू आत्ताच कुणी उचलून नेतंय. इच्छुक उमेदवार एकेक करून वितळले. एकाला पाठीचं दुखणं आठवलं, दुसऱ्याला मुलीची परीक्षा. ब्रेकबाईचे विद्यार्थीही गळायला लागले. एक गृहस्थ मुलीचं नाव काढून घ्यायला आले तेव्हा मी तक्त्यासमोर खुणा पाठ करत उभी होते.

"गाडी शिकवायची आणि वर गाडीवर करही लावायचा? हा कुठला धंदा, बाई?"

"अहो, माझ्याकडे येतात त्यातल्या अर्ध्यांना गाडी शिकायचीच नसते," ती म्हणाली. "त्यांना नुसतं पोचायचं असतं. तुमच्याच मुलीला विचारा की घरी. रोज स्टिअरिंगला हात लावायच्या आधी रडते. पूर्वीसारखी कॉलेजच्या दारात बस थांबत असती तर ती माझ्याकडे आली असती का?"

"मग तुमचं दुकान कसं चाललं असतं?"

"अर्धं चाललं असतं. पण निदान रडारड तरी बंद झाली असती."

गृहस्थ गेले. मुलगीही गेली, पण जाताना हसत गेली, हे मी पाहिलं.

मी काही त्या कराच्या बाजूनं नव्हते. दुसऱ्या दिवशी गाडी मागे घेता घेता तिला विचारलंच, "माझ्या निळ्या गाडीवरही बसणार की गं हा कर?"

"बसणारच. तुमची गाडी नुसती उभी असते, मावशी. तिच्यापेक्षा माझ्या सासूबाई जास्त हिंडतात."

"तोंड सांभाळ."

"तुम्ही क्लच सांभाळा. आरशात बघा! आरसा टिकली लावायला नाहीये."

पक्षाचे शहराध्यक्ष त्याच आठवड्यात दुकानात आले. त्यांना सगळे सबुरी म्हणतात, कारण प्रत्येक वाक्याच्या शेवटी ते "जरा सबुरीनं" म्हणतात. माणूस वाईट नाही. सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी केली, तिच्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मग टेबलापाशी बसले.

"ताई, उमेदवारी तुमची."

ब्रेकबाई उठून उभीच राहिली. नवऱ्याच्या हातातला फडका खाली पडला.

"एकच करायचं," सबुरी म्हणाले. "शनिवारी चौकात सभा आहे. कराचा विषय पक्षानं सोडलाय, हे मी सांगेन. त्यानंतर तुम्ही उठायचं आणि म्हणायचं, मी स्वतः गाडी शिकवते, लोकांची अडचण मला कळली, हा कर नको. तुमच्या तोंडून आलं की लोकांना पटेल. लगेच तिथंच तुमचं नाव जाहीर करतो."

"आणि नाही म्हटलं तर?"

"मागे सरलेल्यांतला टायरवाला तयार आहे. कर नसेल तर उभा राहतो म्हणतो. ताई, विचार चांगला आहे हो. पण हरलो तर तो चांगला विचार ठेवायचा कुठे? कपाटात? आधी निवडून येऊ. मग बघू. जरा सबुरीनं."

खरं सांगते, मला त्यांचं पटलं. राजकारणात हे असंच चालतं आणि चालायला हरकतही नसावी. ते गेल्यावर मी तसं बोललेही.

नवरा म्हणाला, "अगं, एक वाक्य तर बोलायचंय. इतकी वर्षं कप उचललेस. एका वाक्यानं काय जीव जातो?"

"मग बघू म्हणजे कधीच न बघू," ती म्हणाली. "आईंना उपचाराला न्यायला दोन बस होत्या. पहिली बंद केली तेव्हाही म्हणाले, मग बघू."

"माझ्या गुडघ्यांवर निवडणूक लढवू नका," सासूबाई आतून कडाडल्या. "मला मध्ये घ्यायचं काम नाही." मग म्हणाल्या, "सूनबाई, जे खरं वाटत नाही ते बोलून आलीस, तर घरी येऊन माझ्याशी गप्पा मारू नकोस. मला रात्री झोप लागत नाही, मी लगेच ओळखते."

शनिवारची सभा. चौकात व्यासपीठ उभारायला जागाच नव्हती, कारण दोन्ही बाजूंना गाड्या. मालकांना विनवण्या केल्या तरी कुणी हलवेना. उलट करामुळे चिडलेल्यांनी आणखी गाड्या आणून लावल्या आणि आतच बसून राहिले, काचा वर करून. मधल्या बोळात चार खुर्च्या मांडल्या. सबुरींना स्वतःची गाडी लावायला जागा मिळेना. ते चौकाला फेऱ्या मारत राहिले आणि आम्ही त्यांना हात दाखवत राहिलो. शेवटी लांब कुठेतरी गाडी सोडून, घामानं थबथबून पोचले. कर कशासाठी हवा ते सांगायला आणखी भाषणाची गरजच नव्हती. पण त्यांनी केलं भाषण. कराचा विषय संपला, असं म्हणाले, थोड्या टाळ्या घेतल्या आणि ध्वनिक्षेपक ब्रेकबाईच्या हातात दिला.

ती म्हणाली, "विषय संपलेला नाही."

आणि हॉर्न सुरू झाले. आधी एक, मग दहा, मग अख्खा चौक. कानात बोटं घालूनही ऐकू येत होते. सबुरी हातांनी खुणा करत होते, बस, खाली बस. टायरवाला मागे उभा राहून गालात हसत होता. तिची टाच जमिनीत रुतलेली मला दिसली. वाटलं, आता बसणार.

ती बसली नाही आणि बोललीही नाही. नुसती उभी राहिली. ही तिची शिकवायची पद्धत मला ठाऊक होती. शिकाऊ माणूस घाबरला की हॉर्न दाबून ठेवतो. त्याच्यावर ओरडलं तर आणखी दाबतो. आपण गप्प बसायचं. दाबून दाबून त्याचाच हात दुखतो आणि त्याचीच त्याला लाज वाटते. माझ्या पहिल्या धड्याला तिनं माझ्यावर हेच केलं होतं.

हॉर्न विरळ झाले. शेवटी एकच उरला. तिनं त्या गाडीकडे पाहिलं.

"राखाडी गाडी. तुला मीच शिकवलंय. अजूनही हॉर्न वाजवताना डोळे मिटतोस का रे?"

चौक हसला. काच खाली आली. आतला तरुण लालबुंद. "बाई, पण गाडी लावायची तरी कुठे मग?"

"हेच तर विचारतेय मी इतके दिवस! आता तुला बाहेर काढायची आहे का गाडी? काढून दाखव. पुढे तीन, मागे तीन. सहा जण उठल्याशिवाय तू घरी जात नाहीस. तुझी आई दवाखान्यातून येईल तेव्हा कशानं येईल?" मग ती सगळ्यांकडे वळली. "कर नको असेल तर मला मत देऊ नका. पण मी तो नको म्हणणार नाही. मला तो हवा आहे. माझ्या स्वतःच्या गाडीवर आधी लावा."

टाळ्या पडल्या म्हणू? नाही पडल्या. चार-दोन जण हसले, दोघं-तिघं निघून गेले, आणि एका बाईनं मागून "बरोबर आहे" म्हटलं आणि नवऱ्यानं पाहताच थांबली. सबुरींनी ध्वनिक्षेपक परत घेतला आणि टायरवाल्याचं नाव जाहीर केलं. झालं.

ब्रेकबाईनं सवयीनं कप गोळा केले. मी म्हटलं, "ठेव ते, गाढवे." तेव्हा कुठे तिनं हातातले कप खाली ठेवले, आणि पहिल्यांदा तिचे डोळे भरले.

"गेली उमेदवारी, मावशी."

"गेली पक्षाची. निवडणुकीला उभं राहायला पक्ष लागतोच असं कुठे लिहिलंय?"

अपक्ष अर्ज भरायच्या दिवशी सकाळचा धडा माझाच होता, म्हणून गाडी मीच चालवली. मागे नवरा आणि सासूबाई. गाडीवर 'शिकाऊ' अशी पाटी. टायरच्या दुकानापाशी टायरवाला बाहेर येऊन ओरडला, "हरणार तुम्ही, बाई!"

"हरले तर दुसऱ्याच दिवशी सकाळी शिकवायला येते!" ब्रेकबाई खिडकीतून अर्धी बाहेर निघून ओरडली. "पण तुझ्या दारातल्या चार गाड्यांवर कर लागल्याशिवाय गप्प बसत नाही!"

मागून सासूबाई म्हणाल्या, "पाच आहेत. एक आडोशाला लावलीय."

ताज्या सर्वेक्षणात पक्ष तिसऱ्यावरच आहे, कर सोडूनही. आणि आम्ही 'इतर' या रकान्यात. कर आला तर मी पहिली कुरकुर करणार आणि मुकाट्यानं भरणार. मत मात्र तिलाच.

त्या सकाळी ती बराच वेळ खिडकीबाहेर होती, टायरवाल्याशी भांडत. दोन्ही पाय आसनावर घेऊन गुडघ्यांवर उभी. म्हणजे ब्रेकवर कुणाचाच पाय नव्हता. समोर मोठं वळण होतं. मी तिला सांगितलं नाही. आरशात पाहिलं, गिअर बदलला आणि वळले.