सईची चढाई, माझे दिवे

आमच्या सईच्या कबड्डीच्या अंतिम सामन्यात मॅटवर कांदे आले ते माझ्यामुळे, हे मी सुरुवातीलाच कबूल करते. उगाच कोणी आडून आडून विचारायला नको.

मी ब्लाउज शिवते. इंदिरानगरला माझं छोटं दुकान आहे आणि बाही बसवण्यात माझा हात कोणी धरणार नाही. दोन वर्षांपूर्वी कॅमेरा घेतला, तेव्हापासून फोटोतही माझा हात कोणी धरणार नाही, असं माझं मत झालं. (घरात हे मत माझ्या एकटीचंच आहे.) सई दहावीत. शाळेकडून खेळायची ही तिची शेवटची मॅच, आणि समोर घोटीची शाळा, जिने गेल्या वर्षी यांना रडवून घरी पाठवलं होतं. हॉलमधल्या पिवळट उजेडात पळत्या पोरींचे फोटो काढले की नुसते डाग येतात. म्हणून मी ठरवलं, या वेळी लग्नात लावतात तसले मोठे फ्लॅशचे दिवे लावायचे.

सईने एकच विनंती केली. "मम्मी, तू फक्त बसून बघशील का?" मला वाटलं, पोरगी संकोचाने बोलतेय.

दिवे माझ्या धाकट्या भावाकडून आणले. तो निफाडला लग्नाचे फोटो काढतो. त्याचं म्हणणं, लाइट सरळ तोंडावर मारायचा, नवरी गोरी दिसते. सई नवरी नाही आणि डोळे दिपले तर तिला समोरची पोरगी दिसायची नाही, हे मी त्याला समजावून सांगितलं. दिवे कोपऱ्यात, उंच, आणि तोंड छताकडे करून ठेवायचे. उजेड छतावर आपटून खाली पसरतो आणि कोणाच्या डोळ्यात जात नाही. व्हिडिओ बघून शिकले होते मी, आणि अजूनही सांगते, तेवढं बरोबरच होतं. तो पुढे स्टँडला वाळूच्या पिशव्या बांधायचं काहीतरी सांगत होता, पण तोवर मी गाडीत बसले होते.

घरी रंगीत तालीम झाली. ह्यांना ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत सोफ्याभोवती पळायला लावलं. तिसऱ्या फेरीला ते "मी बाद झालो" असं जाहीर करून चहा मागायला लागले, पण फोटो झकास आले. दिव्यांना कॅमेऱ्यापासून तार वगैरे नव्हती. दिव्याला एक डोळा असतो. माझ्या कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश चमकला की तो डोळा बघतो आणि मोठा दिवाही चमकतो. दुसऱ्याचं बघून पेटायचं! (हा गुण आमच्या सासरी बऱ्याच जणांत असल्याने मला समजायला वेळ लागला नाही.) चमकून झालं की दिवा दोन सेकंद दम खातो आणि पुन्हा तयार झाला की ‘पीं’ करतो. तो ‘पीं’ मला फार आवडायचा. कोणीतरी शाबासकी दिल्यासारखं वाटायचं.

सामन्याच्या दिवशी तासभर आधी पोचले. शिवणाची टेप काढून मॅटपासून स्टँडपर्यंतचं अंतर मोजलं. दोन कोपऱ्यांत समोरासमोर दोन स्टँड, नऊ फूट उंच. तेव्हा लक्षात आलं, की स्टँड डुगडुगतोय आणि वाळूच्या पिशव्या निफाडलाच राहिल्या. पण गाडीच्या डिकीत भावाने दिलेल्या कांद्याच्या दोन जाळीच्या पिशव्या होत्या, पाच-पाच किलोच्या. निफाडहून कोणी रिकाम्या हाताने परतत नाही. एकेक पिशवी एकेका स्टँडला अडकवली आणि दोन्ही स्टँड गप्प उभे राहिले. पंच होते एक किडकिडीत, करारी गृहस्थ. त्यांनी वर मान करून विचारलं, पोरींच्या डोळ्यांत नाही ना जाणार? मी म्हटलं, "सर, मी अभ्यास करून आलेय."

अभ्यासात एकच गोष्ट नव्हती. सासूबाई.

सासूबाईंकडे डबीएवढा कॅमेरा आहे, नणंदेने दिलेला. त्या तो घेऊन पहिल्या रांगेत बसल्या. नात चढाईला निघाली की त्या खटका दाबायच्या, त्यांचा फ्लॅश चमकायचा, आणि माझे दोन्ही दिवे इमानदारीत त्यांच्यासाठी पेटायचे. दिव्याच्या डोळ्याला सासू-सून कळत नाही. मी मात्र नेमका क्षण साधायला थांबलेली. तो क्षण यायचा तेव्हा दिवे दम खात असायचे. माझ्या कॅमेऱ्यात एकामागून एक काळोख जमा होत होता. यावरून मी असा निष्कर्ष काढला, की दिव्यांची ताकद कमी पडतेय, आणि दोन्ही दिवे पूर्ण वाढवून आले.

आता दुसरी गोष्ट. कबड्डीत एका चढाईला तीस सेकंद मिळतात. ते संपले की टेबलावरचं घड्याळ आवाज करतं. कसा, तर ‘पीं’.

सई चढाईला जायची, आत शिरायची आणि मध्येच वळून परत यायची. मी ह्यांना म्हटलं, पोरीचा दम कमी पडतोय, उद्यापासून भिजवलेले बदाम सुरू करू. हे म्हणाले, "अगं, ती कसला तरी आवाज ऐकून वळतेय." मी म्हटलं, कबड्डीतलं तुम्हाला काय कळतं, तुम्ही तर सोफ्याभोवती बाद झालात.

शेवटाला दोन्ही बाजूंचे गुण सारखे झाले. आमच्या दोन चढाया ओळीने रिकाम्या गेल्या होत्या. तिसरी, सामन्यातली शेवटची, रिकामी गेली तर चढाई करणारी बाद, गुण घोटीला आणि करंडकही घोटीला. सई निघाली. ती बराच वेळ घोटीच्या पोरींपुढे घिरट्या घालत राहिली, तेव्हा सासूबाई चक्क उभ्या राहिल्या. खटका, लखलखाट, आणि दोन सेकंदांनी ‘पीं’. सई थबकली, वळली आणि मध्यरेषा ओलांडून आली. टेबलावरचा माणूस म्हणाला, अजून अकरा सेकंद आहेत. पंचांनी हात वर केला. सई बाद.

सईने पंचांकडे पाहिलंच नाही. तिने दिव्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. वर्षभर पहाटे उठून ही पोरगी सरावाला जात होती, आणि तिला मी, तिच्या आईने, बाद केलं होतं. गप्प बसले असते तर कोणाला कळलंही नसतं. पण पाय आपोआप मॅटकडे चालायला लागले.

"सर, तो आवाज माझा होता."

पंचांनी मला नखशिखांत न्याहाळलं. "तुमचा?"

"म्हणजे माझ्या दिव्याचा."

त्यांना पटेना. ते स्टँडखाली जाऊन वर बघू लागले. सासूबाईंना वाटलं, सूनबाईचा सत्कार चाललाय. त्यांनी आमच्या दोघांचा फोटो काढला. हॉलभर उजेड पडला आणि मागोमाग ‘पीं’. पुराव्याचं काम सासूबाईंनी परस्पर उरकलं.

पंच घोटीचा संघ घेऊन आलेल्या बाईंकडे गेले. खरं तर त्यांना अडून बसता आलं असतं. त्या म्हणाल्या, "होऊ द्या परत. आमच्या पोरीबी आवाज आल्यावर थांबल्या व्हत्या, म्या पाह्यलं." त्या बाईंना मी आजही मनोमन नमस्कार करते. पंचांनी एकच अट घातली: उजेड राहू दे, पण आवाज बंद.

आवाज बंद करायचं बटण कुठे असतं, हे मला माहीत नव्हतं. (अभ्यास छताचा केला होता, बटणांचा नाही.) पहिल्या दिव्याचा आवाज ह्यांनी बंद केला. बटणावर कर्ण्याचं चित्र होतं, ते त्यांना दिसलं. दुसरा दिवा मी घाईघाईने खाली ओढला. पिशवीची जाळी स्टँडच्या खिळीला अडकली आणि टरकन फाटली. पाच किलो कांदे मॅटवर धावले. दोन्ही संघांच्या पोरी रांगत कांदे वेचू लागल्या, आणि घोटीची कप्तान ओंजळभर कांदे माझ्या पदरात टाकत म्हणाली, "काकू, कांदा लय भारी हाय." पंचांच्या बुटापाशी आलेला कांदा त्यांनी स्वतः उचलून टेबलावर ठेवला, करंडकाशेजारी.

आता स्टँडला वजन नव्हतं. दिवा पुन्हा वर चढवला तर तो मॅटकडे झुकू लागला. पंच घड्याळ बघत होते. मी कॅमेरा ह्यांच्या गळ्यात अडकवला आणि स्टँडला दोन्ही हातांनी कवटाळून उभी राहिले.

सईची चढाई मी अशी पाहिली, डोळ्यांसमोर लोखंडी दांडा ठेवून. ती आत शिरली. दिवे गुपचूप चमकले. तिने कोपऱ्यातल्या पोरीच्या पायाला बोट लावलं, तिघींनी तिला मागून धरलं, आणि तिघींना ओढत सईने हाताची बोटं रेषेवर टेकवली. शिट्टी झाली. करंडक आमचा. हॉल नाचत होता आणि मी जागेवरूनच रडत होते, कारण हात सोडायची सोय नव्हती.

तो क्षण सासूबाईंच्या डबीत आला. सईची बोटं, तिघींचे चेहरे, सगळं लख्ख, कुठे काळी सावली नाही. दिवे अगदी योग्य जागी होते ना! शाळेने तो मोठा करून मुख्याध्यापकांच्या खोलीत लावलाय, खाली सासूबाईंचं नाव. माझ्या कॅमेऱ्यातला एकच फोटो बरा आहे, तो ह्यांनी चुकून खटका दाबला तेव्हाचा. त्यात करंडकाशेजारचा कांदा आहे.

सासूबाईंच्या फोटोत मागे, जरा धूसर, एक बाई खांबाला मिठी मारून डोळे मिटून उभी आहे. ती कोण, असं सगळे विचारतात. सई सांगते, "ती माझी मम्मी. तिथे आधी पाच किलो कांदे होते."