पाण्याचा दिवस

रत्नमाला साळवे शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात सुटे भाग तपासते. नवरा राजकुमार कामगारांची बस चालवतो. मुकुंदवाडीत दोन खोल्यांचं घर, सायली आणि प्रणय ही दोन मुलं.

पूर्वी नळाला आठवड्यातून एकदाच पाणी यायचं, त्या दिवशी नवराबायको कामाची पाळी बदलून घरी थांबत. आधी ड्रम, मग हंडे, शेवटी पातेलीसुद्धा भरायची. मग गच्चीवर धुणं. चादरीचं एक टोक रत्नमालेच्या हातात, दुसरं राजकुमारच्या. दोघं पीळ द्यायचे आणि मुलं चादरीखाली उभी राहून तोंडावर धार घ्यायची. गल्लीतल्या, कंपनीतल्या, सोयऱ्याधायऱ्यांच्या साऱ्या गोष्टी त्याच दिवशी व्हायच्या. दुपारी तिथंच पिठलं-भाकरी.

तेव्हा ते हालच वाटायचे. रत्नमालेनं रविवारचे ओव्हरटाइम केले. मोठी टाकी आली, आपोआप चालू होणारी मोटार आली, मग वॉशिंग मशीन. मशीन आलं त्या दिवशी तिनं शेजारी पेढे वाटले. आता पाण्यासाठी कुणी थांबायची गरज नव्हती, म्हणून कुणी थांबेना. राजकुमारही सुटीला वेरूळच्या पर्यटकांची गाडी चालवू लागला. सोफा झाला, मुलांना मोबाइल झाले.

यंदा दसऱ्याआधी तिनं माळ्यावरची जुनी सतरंजी काढली. मशीनमध्ये ती मावेना.

"टाकून दे ना मम्मी. ऑनलाइन नवी येते," अकरावीतली सायली मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाली.

रत्नमाला सतरंजी मांडीवर घेऊन बसली. "गच्चीवरचं धुणं आठवतं का गं तुला?"

"आठवतं की. पप्पा मुद्दाम आमच्या अंगावर चादर झटकायचे." सायलीनं वर पाहिलं. "तू लई हसायचीस तेव्हा."

आपण हसायचो, हे रत्नमाला विसरूनच गेली होती.

दुसऱ्या दिवशी ती सुपरवायझरला म्हणाली, "सर, या रविवारी मी नाय येणार."

"घरी कार्यक्रम?"

"धुणं आहे."

त्याला ती थट्टाच वाटली.

रविवारी चौघं सतरंजी घेऊन गच्चीवर जमले. सगळं पूर्वीसारखं काही झालं नाही. राजकुमारची कंबर धरली, प्रणय अर्ध्यातून क्रिकेटला पळाला आणि जेवायलाच उगवला. पण भांडी आवरताना सायली हळूच म्हणाली, "मम्मी, मला सायन्स जमत नाय. जूनपासून सांगायचं होतं."

रत्नमालेनं सगळं ऐकून घेतलं. ओव्हरटाइमच्या पैशांतून घ्यायच्या नव्या फ्रिजचा बेत पुढं ढकलून तिनं सोमवारचीही रजा टाकली, आणि शाखा बदलता येईल का ते विचारायला मायलेकी कॉलेजात गेल्या.