खांड बुजली ते दिवस

खाजणातल्या चिखलाचा वास दिवसभर एकसारखा नसतो. भरती नुकती उतरलेली असते तेव्हा तो थंड, ओल्या शिंपल्यांसारखा, जवळजवळ स्वच्छ असतो. ऊन चढले की त्यातून गंधकाचा उग्र दर्प उठतो आणि कपड्यांत, केसांत, चुलीवर शिजणाऱ्या भातातसुद्धा मुरतो. मी वासांकडे लक्ष देणारी बाई नव्हे. माझे लक्ष रॉकेल किती उरले, बादल्या कुणी धुतल्या, कंदिलाची काच शाबूत आहे ना, याकडे असते. पण त्या माघात, रेवदंड्याच्या खाडीकाठच्या त्या घरात, हा वास मला घड्याळासारखा झाला होता. तो बदलला की नलिनी खाजणातून परत येणार, हे मला कळायचे.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडाच काळ लोटला होता. आमचा तो किनारा तेव्हा कुलाबा जिल्ह्यात मोडत असे. मुंबईच्या एका महाविद्यालयात मी वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेची व्यवस्था पाहत होते. चाळिशी उलटलेली, विधवा, आणि याद्या करण्यात वाकबगार. तेव्हा नलिनी आणि वसंता या दोन तरुण संशोधकांबरोबर राहायला माझ्याइतके सोयीचे माणूस दुसरे नव्हते. ‘इकॉलॉजी’ हा शब्द त्या काळी आमच्या प्राध्यापकांच्या तोंडीही नवाच होता. आम्ही राहत होतो त्या घराच्या मालकीणबाई, कमळाबाय, आमच्या कामाला ‘चिखलाची शाळा’ म्हणत.

संध्याकाळी ओटीवर बसून ती दोघे बोलत. वसंता पालीकडचा, भातशेती करणाऱ्या घरातला. चिखलावर उतरणाऱ्या तुतवारांचा अभ्यास करायचा. पाखरांकडे बघत बसण्याचा पगार कोण देतो, असे वडील दर सुट्टीत विचारतात आणि अजून आपल्याला उत्तर सुचलेले नाही, असे तो हसत सांगे. नलिनी म्हसळ्याची. लहानपणी खाडीवर तिने कांदळाच्या फांदीला लोंबणारी लांब हिरवी शेंग पाहिली आणि ती शेंग नसून झाडावरच रुजलेले बी आहे, हे तिला कुणीतरी सांगितले. आईच्या कडेवर असतानाच पोराला पाय फुटावेत तसे वाटले म्हणाली, आणि त्या दिवसापासून दुसऱ्या कशात मन लागले नाही. असे सांगताना तिचा चेहरा त्या मावळत्या, तांबूस उजेडात इतका निर्धास्त दिसे की तिच्यापुढे वाढून ठेवलेल्या गोष्टींची मलाच आठवण ठेवावी लागे. प्रबंध पुरा झाला तर महाविद्यालयात शिकवण्याची जागा; नाही झाला तर थोरल्या भावाने ठरवलेले स्थळ. शिष्यवृत्तीला मुदतवाढ मिळणार नव्हती. नवी जागा धरलीस तर पहिल्यापासून सुरुवात, हे तिच्या मार्गदर्शकांनी आधीच सांगून ठेवले होते.

तिची जागा म्हणजे गावाची फुटलेली शेती. पूर्वीच्या एका पावसाळ्यात उधाणाने समुद्राचा बांध फोडला होता. त्या भगदाडाला तिकडे खांड म्हणतात. खांडीतून खारे पाणी आत शिरले, भात गेले, आणि भाताच्या जागी तिवराची आणि कांदळाची रोपे वर आली. उघड्या जमिनीवर खाडीचे रान पहिल्या पानापासून कसे उभे राहते हे पाहण्याची अशी संधी पुन्हा मिळत नसते. नलिनीने एकेका रोपाला रंगीत दोरा बांधून त्याची वाढ टिपली होती. गावाच्या लेखी मात्र ते सारे तण होते. दोन पावसाळे घरचा भात नाही, म्हणून कमळाबायचे दोन्ही मुलगे मुंबईला गिरणीत गेलेले. तिचा नवरा नामाकाका कधी कधी खाजणाच्या कडेला उभा राहून नलिनीकडे बघत असे.

मग एका दुपारी गावात दवंडी फिरली. अष्टमीच्या सुमारास भरती कमी चढते, त्याला भांग म्हणतात. खांड बांधायची ती याच दिवसांत. या भांगाला बांधायची, असे ठरले होते. नलिनी नामाकाकाकडे गेली. मीही गेले, कारण ती एकटी काय बोलेल याची मला धास्ती होती. तिने फक्त एक वर्ष मागितले. फार हळू आवाजात मागितले. नामाकाकाने हातातले जाळे बाजूला ठेवले.

“बाय, तुजा रान खाऱ्या पान्यान जगतं, आमचा भात त्याच पान्यान मरतं,” तो म्हणाला. “दोघांचा कसा जमवाचा, तूच सांग.”

तो रागावलेला असता तर बरे झाले असते.

कमळाबाय संध्याकाळी आली ती दारातच थांबली. खांडीला प्रत्येक चुलीमागे एक माणूस द्यावे लागते, असा तिथला रिवाज. आजारी असो, सुतकी असो, ज्या घरातून धूर निघतो त्या घरातून दोन हात आलेच पाहिजेत. “तुमची चूल पेटते ना गावात,” ती म्हणाली. तिला ओशाळल्यासारखे झाले होते, पण ती हटली नाही. वसंता लगेच उठला. मी मनात म्हटले, हा जाईल, तगडा आहे, प्रश्न मिटला. नलिनीने त्याला खाली बसवले. ही चूल माझ्या कामासाठी पेटली आहे, मीच जाणार, एवढेच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला सगळा गाव रांगेत उभा होता. खांडीच्या तोंडाशी मेढी ठोकल्या होत्या. त्या तिवराच्याच होत्या, खाडीतल्या जुन्या, मोठ्या झाडांच्या. मेढींमध्ये पेंढा आणि फांद्या, त्यावर चिखलाची ढेपळे, हातातून हातात. नलिनी कमळाबायच्या शेजारी, गुडघाभर चिखलात, पदर खोचून. बायका थट्टा करत होत्या. शाळा शिकलेल्या हातातून ढेपूळ निसटते, आता लग्नात हळद नको, हा चिखलच पुरे. ती हसलीसुद्धा. मी बांधावर पाण्याचा हंडा घेऊन उभी होते आणि मला दिसत होते की प्रत्येक ढेपूळ पुढे देताना तिची नजर आत, दोरे बांधलेल्या रोपांकडे जाते आहे. भरती फिरायच्या आत खांड बुजली.

नंतरचे दिवस फार वाईट गेले. आतला चिखल आधी मऊ राहिला, मग त्यावर मिठाचा पातळ पांढरा थर आला, मग तडे. कांदळाची कोवळी पाने तांबूस होऊन मुडपू लागली. नलिनी तशी रोज जात होती, पण टिपण करणे तिने सोडले होते. जेवत नव्हती. वसंता तिला ‘माझी पाखरे वाटून घे’ म्हणाला, तेव्हा ती त्याच्याकडे इतक्या परक्या नजरेने पाहत राहिली की तो उठून अंगणात गेला. मी सामान आवरायला घेतले होते. भांडी मोजून बांधता येतात. त्या मुलीची दोन वर्षे कशात बांधावी हे मला कळत नव्हते.

आम्ही थांबलो ते अमावास्येसाठी. उधाणाची भरती नव्या बांधाची परीक्षा घेते, म्हणून गाव बांधावर विखरून पहारा देत होता. माथ्यावरचे ऊन, वाऱ्याला मिठाची धार, आणि खाडी फुगत फुगत बांधाच्या ओठाशी आलेली. नलिनी नव्या मातीवर बसली होती, मी तिच्या मागे. आमच्या आसपास कुणी नव्हते. नामाकाका लांब, वळणावर.

तेव्हा तिच्या पायाशी, बांधाच्या आतल्या अंगाला, पाणी झिरपताना मी पाहिले. बहुधा खेकड्याचे बीळ. बोटाएवढी धार, पण गढूळ. म्हणजे माती वाहू लागली होती. असे सोडून दिले तर भरती उतरायच्या आत बांध जातो, हे मला एव्हाना ठाऊक झाले होते. नलिनीलाही. ते पाणी उतारावरून सरकत, तडे भरत, पहिल्या सुकलेल्या रोपापर्यंत पोचले. ती त्याच्याकडे बघत राहिली. मी तिच्याकडे. दोघींपैकी कुणीच हलले नाही, आणि तो वेळ किती होता हे मला सांगता येणार नाही.

मग तिने टाच त्या बिळात रोवली आणि हाक दिली, “नामाकाका, इकडं या. पाणी येतंय.”

माणसे धावत आली. ढेपळे पडली. तिने पाय काढला तेव्हा तो घोट्यापर्यंत सोलवटलेला होता. पाणी बांधाला टेकून उभे राहिले, आणि हळूहळू उतरले. कमळाबायने तिला जवळ घेतले.

देवाजवळ काही मागायचे तर नेमके मागावे, असा माझा स्वभाव आहे. तिने हाक मारण्याआधीच्या त्या वेळात मी हात जोडले होते, एवढे मला स्पष्ट आठवते. बांध टिकू दे म्हणाले होते की फुटू दे, हे मात्र मला अजून आठवत नाही.